आईच्या चुलीला दोष देऊ नका



मूल तीन वर्षांचे झाले तरी हाक मारल्यावर वळून बघत नाही. बोट दाखवून काही मागत नाही. आईचा हात धरून तिला डब्यापाशी नेते, पण तोंडाने 'दे' म्हणत नाही. खेळण्यातली गाडी चालवण्याऐवजी तिचे चाकच तासभर फिरवत बसते. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात ठेवून ओरडते. अशी लेकरे असलेली कुटुंबे आम्हाला जळगावात आणि धुळ्यात वरचेवर भेटू लागली आहेत. पूर्वी अशा मुलाबद्दल 'बोलेल हळूहळू, त्याचा बापही उशिराच बोलला होता' असे म्हणून विषय संपत असे. आता डॉक्टर कागदावर 'ऑटिझम' लिहून देतात. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. शब्द कळला हे चांगलेच झाले. पण त्या शब्दामागोमाग आणखी एक गोष्ट आपल्या घरांत शिरली आहे. ती म्हणजे पोटातल्या जंतूंची गोष्ट. आज तिच्याविषयी लिहिणे आम्हाला जरुरीचे वाटते.

जळगावच्या बाजार समितीत हमाली करणारे एक गृहस्थ अलीकडे पत्नीला आणि साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले होते. बाईंचे माहेर धुळ्याकडचे. जयभीम झाला, पाणी झाले, आणि बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "मना पोऱ्या बोलस नही, भाऊ." त्यांना कोणी तरी सांगितले होते की मुलाच्या आतड्यांतले जंतू बिघडले आहेत आणि त्यांचे विष मेंदूत चढते, म्हणून तो बोलत नाही. उपाय असा, की मुलाची शौचास तपासायला बाहेरगावी पाठवायची, सहा महिने डब्यातली पावडर द्यायची, आणि गहू व दूध कायमचे बंद करायचे. खर्च सांगितला होता तो त्या हमालभाऊंच्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईएवढा. बाईंच्या गळ्यातली पोत गहाण ठेवायचे घरात ठरत आले होते.

पैशांपेक्षाही एक बोलणे त्या बाईंना जास्त लागले होते. घरातली माणसे म्हणत होती, "तू पोराला वरचे दूध पाजले, म्हणून त्याचे पोट बिघडले. पोट बिघडले म्हणून डोके बिघडले." त्या आम्हाला एवढेच विचारत होत्या, "खरं आहे का, भाऊ?"

त्यांना आम्ही जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न एका घरापुरता उरलेला नाही. आम्ही पेशाने कारकून आहोत, डॉक्टर नव्हे. म्हणून संशोधकांनी तपासून जाहीर केलेले आहे तेवढेच मांडतो.

पोटाचा संशय आला कुठून?

ही गोष्ट सगळीच खोटी आहे असे समजू नये. तिच्या मुळाशी खरे शास्त्र आहे. आपल्या आतड्यांत असंख्य सूक्ष्म जंतू राहतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. ते रोगाचे जंतू नव्हेत. विरजणातले जंतू जसे दुधाचे दही करतात, तसे हे जंतू भाकरीतला, भाजीतला, डाळीतला न पचलेला चोथा आंबवून शरीराच्या उपयोगी आणतात. काही जीवनसत्त्वेही तयार करतात. आतड्यांपासून मेंदूपर्यंत एक लांब मज्जातंतू जातो, त्यातून दोन्हीकडे निरोप जात-येत असतात. परीक्षेच्या दिवशी पोटात कालवते ते उगीच नाही.

स्वमग्न मुलांना पोटाचे त्रास जास्त असतात, हेही खरे आहे. २०१४ साली अमेरिकेत अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा इतर मुलांच्या तुलनेत या मुलांत पोटाच्या तक्रारी सुमारे चौपट आढळल्या.

हा धागा पहिल्यांदा ठामपणे पकडणाऱ्यांत एक आई होती. अमेरिकेतल्या एलन बोल्ट या काही डॉक्टर नव्हत्या. त्यांच्या मुलाला कानदुखीसाठी वारंवार प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक औषधे, दिली गेली होती. त्यानंतर त्याचे पोट बिघडले आणि वागणे बदलत गेले. बाईंनी ग्रंथालयांत बसून वाचन केले आणि १९९८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आपली शंका मांडली: औषधाने चांगले जंतू मरून त्यांच्या जागी वाईट जंतू वाढले असतील काय? डॉक्टरांनी ती शंका हसण्यावारी नेली नाही. २००० साली ११ मुलांवरच्या एका छोट्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांना आतड्यांतच काम करणारे एक प्रतिजैविक दिले होते. बहुतेक मुलांत थोडे दिवस सुधारणा दिसली, पण औषध थांबल्यावर ती टिकली नाही. म्हणून प्रयोग करणाऱ्यांनीच हा इलाज ठरवला नाही. कोणी 'जंतू मारायचे औषध' म्हणून मुलाला महिनोन् महिने प्रतिजैविक देऊ लागला, तर हे लक्षात ठेवावे.

पुढे २०१३ साली अमेरिकेतच उंदरांवर प्रयोग झाला. एका जातीचा जंतू पोटात दिल्यावर उंदरांच्या वागण्यात काही फरक दिसला. उंदीर तो उंदीर. २०१७ साली ॲरिझोना राज्यातल्या विद्यापीठाने १८ मुलांच्या आतड्यांत निरोगी माणसांचे जंतू सोडून पाहिले. पोटाचे त्रास बरेच कमी झाले आणि वागण्यातही सुधारणा नोंदली गेली. पण त्या प्रयोगात उपचार न दिलेल्या स्वमग्न मुलांचा तुलनेसाठी गट नव्हता. आई-बापांना उपचार चालू आहे हे ठाऊक होते. अशा वेळी आशेने बघणाऱ्या डोळ्यांना सुधारणा दिसतेच. म्हणून या प्रयोगाकडे पहिली पायरी म्हणूनच पाहिले पाहिजे.

आपल्या देशातही असा अभ्यास झाला. केरळच्या केंद्रीय विद्यापीठातल्या आणि भोपाळच्या संशोधकांनी ३० स्वमग्न मुलांच्या आतड्यांतल्या जंतूंची तुलना त्याच घरांतल्या २४ निरोगी मुलांशी केली. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन गटांत फरक निघाला. पण कोणता, तो नीट वाचावा. 'चांगले जंतू' म्हणून ज्या लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम गटांच्या कॅप्सूल आणि पावडरी विकल्या जातात, नेमके त्या गटांतले जंतू स्वमग्न मुलांतच जास्त निघाले. म्हणजे 'मुलात हे जंतू कमी आहेत, म्हणून ही पावडर द्या' असे सांगणाऱ्याचा हिशेब इथे पहिल्याच ओळीत चुकतो.

आधी काय आणि मागून काय?

आम्ही बी.कॉम. झालो. हिशेबाच्या वहीत दोन रकमा एका पानावर आल्या, म्हणून एक रक्कम दुसरीतून निघाली असे धरता येत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले होते. जंतूंच्या बाबतीत तोच प्रश्न आहे. जंतू वेगळे म्हणून मूल असे झाले, की मूल असे आहे म्हणून जंतू वेगळे झाले?

ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी नेमके हेच तपासले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २४७ मुले होती. त्यांत ९९ स्वमग्न मुले होती, काही त्यांची भावंडे होती आणि बाकीची इतर घरांतली होती. मूल काय काय खाते, याचीही त्यांनी नोंद घेतली. त्यांना असे आढळले की स्वमग्नतेचा आणि जंतूंचा थेट संबंध फार थोडा आहे. मधला दुवा जेवणाचा आहे. ही मुले ठरावीक दोन-चार पदार्थच खातात. पदार्थ थोडे, म्हणून आतड्यांतल्या जंतूंचे प्रकारही थोडे. म्हणजे आधी स्वमग्नता, तिच्यामुळे खाण्याचा हट्ट, आणि खाण्यामुळे जंतूंत बदल. आपल्याकडे विकणारे लोक हाच क्रम उलटा करून सांगतात.

स्वमग्न मुलाच्या जिभेला, नाकाला, कानाला, कातडीला साध्या गोष्टी फार तीव्र जाणवतात. वांग्याच्या भरिताचा लिबलिबीतपणा, शेवभाजीचा तिखट वास, कळण्याच्या भाकरीचा खरखरीतपणा त्याला सहन होत नाही. बिस्किट मात्र रोज तेच दिसते, तसेच लागते. म्हणून ते मूल बिस्किटाला धरून बसते. जळगावच्या त्या मुलाचेही तसेच होते. चहात बुडवलेले बिस्किट आणि पांढरा भात, एवढ्यावर तो जगत होता. त्याचा हात जेवणाच्या दुसऱ्या कशाकडे जात नव्हता, हा त्याच्या आईच्या चुलीचा दोष कसा?

याच कारणाने एका गावाचा हिशेब दुसऱ्या गावाला लागू करताना जपून राहावे लागते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय माणसांच्या आतड्यांतल्या जंतूंचा अनेक वर्षे अभ्यास केला. धान्य आणि भाजीपाला जास्त खाणाऱ्यांत आढळणारे प्रिव्होटेला नावाचे जंतू आपल्याकडे भरपूर असतात, असे त्यांच्या कामातून दिसले. पाव, मांस आणि चीज खाणाऱ्या देशांतल्या माणसांची आतडी वेगळी आणि ज्वारी-बाजरी खाणाऱ्यांची वेगळी. तिकडच्या मुलांवरून ठरवलेले 'चांगले' आणि 'वाईट' इथे जसेच्या तसे धरता येत नाही.

२०२४ साली हाँगकाँगच्या संशोधकांनी १,६२७ मुलांची शौचास तपासून स्वमग्न मुलांच्या जंतूंची एक खूण सापडल्याचे जाहीर केले. हे काम मोठे आहे आणि ते पुढे जावे. पण आज शौचाची तपासणी करून स्वमग्नतेचे निदान होत नाही आणि त्या अहवालावरून इलाजही ठरत नाही. मुलाचे वागणे पाहून आणि आई-बापांना विचारूनच निदान होते. त्या रंगीत अहवालासाठी हजारो रुपये मोजण्याची गरज नाही.

आईला दोष देण्याची जुनी खोड

१९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांची हकीगत लिहून ही अवस्था जगापुढे आणली. पण पुढे १९५०-६० च्या दशकांत तिथल्या बड्या बड्या जाणकारांनी असा समज पसरवला की आईची माया थंड पडली म्हणून मूल असे होते. अशा आयांना ते बर्फाच्या कपाटाची उपमा देत. हजारो आया त्या अपमानाखाली चिरडल्या गेल्या. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून दाखवले की हा दोष मायेचा नाही, हा मेंदूच्या घडणीचा प्रश्न आहे.

तीच खोड आता नव्या कपड्यांत आली आहे. आता म्हणतात, सिझेरियन झाले म्हणून, वरचे दूध पाजले म्हणून, औषधे दिली म्हणून मुलाचे जंतू बिघडले. सिझेरियनचा प्रश्न स्वीडनमध्ये तपासला गेला. सुमारे २७ लाख मुलांच्या नोंदींवर आधारलेला तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. एकाच आईची मुले एकमेकांशी ताडून पाहिल्यावर सिझेरियनचा संबंध उरला नाही. २०१९ साली पाच देशांतल्या २० लाख मुलांच्या नोंदींवरून असे निघाले की स्वमग्नतेत सुमारे ८० टक्के वाटा जन्मजात जनुकांचा असतो. जनुके बापाकडूनही येतात आणि आईकडूनही येतात. कोणी निवडून दिलेली नसतात. आईचे दूध बाळाला उत्तमच, ते पाजावेच. पण ज्या माउलीला दूध आले नाही किंवा जिला बाळंतपणानंतर लगेच कामावर जावे लागले, तिच्या माथी हे मारणे म्हणजे निव्वळ अन्याय आहे.

पोटाच्याच नावाने आणखी एक मोठी फसवणूक झाली, तीही सांगितली पाहिजे. १९९८ साली इंग्लंडच्या अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरने १२ मुलांवरचा एक लेख छापला. आतड्यांचा आजार, स्वमग्नता आणि गोवराची लस यांचा संबंध त्याने सुचवला. ब्रायन डीअर या पत्रकाराने २००४ पासून ते प्रकरण खणून काढले. मुलांच्या नोंदींत फेरफार झाला होता. २०१० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि त्या डॉक्टरचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा माग ठेवला गेला. गोवराच्या लशीने स्वमग्नता होत नाही, हे तिथे २०१९ साली पुन्हा एकदा दिसून आले. गोवर मात्र मुले मारतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत, भिवंडीत आणि आपल्या धुळ्याच्या शेजारच्या मालेगावात गोवराची साथ आली होती. मुंबईत त्या साथीत लेकरे दगावली. तेव्हा कोणाचेही ऐकून लस चुकवू नये.

पोटाकडे दुर्लक्षही नको

एवढे वाचून कोणी असे समजू नये की पोटाचा विचारच सोडावा. उलट या मुलांच्या पोटाकडे जास्त लक्ष द्यावे लागते, कारण दुखते आहे हे ते सांगू शकत नाही. बोलणारे मूल 'आई, पोट दुखते' म्हणते. न बोलणारे मूल डोके आपटते, हात चावते, रात्री उठून रडते, पोट पलंगाच्या कडेवर दाबून धरते. घरचे म्हणतात, आजार वाढला, नाही तर म्हणतात, बाहेरचे काही लागले. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१० साली एकमताने सांगितले की स्वमग्न मुलाचे वागणे अचानक बिघडले तर आधी पोटाचा त्रास आहे का ते बघा, आणि इतर कोणत्याही मुलाला देता तसेच पोटाचे उपचार त्यालाही द्या.

त्या हमालभाऊंच्या मुलाला चार-चार दिवस शौचास होत नव्हती. आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यातल्या बालरोग विभागात पाठवले. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले. आत खडे साचले होते. शौचास मऊ करणारे साधे औषध दिले, दोन महिने चालू ठेवायला सांगितले. मूल बोलू लागले का? नाही. पण रात्रीचे रडणे कमी झाले, डोके आपटणे कमी झाले, आणि मायलेक दोघांनाही झोप मिळू लागली. ही काही थोडी गोष्ट नव्हे.

घरी ध्यानात ठेवायच्या गोष्टी अशा. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होत असेल, खडा होत असेल, तर दवाखान्यात दाखवावे. चड्डीला वरचेवर पातळ डाग लागत असतील तर ती हगवणच आहे असे समजू नये. आत खडा अडकून त्याच्या कडेने पातळ शौच झिरपते, असेही असते. पाणी पुरेसे द्यावे. जेवण झाल्यावर रोज ठरावीक वेळी पाच-दहा मिनिटे शौचास बसवावे, रागावू नये. शौचावाटे रक्त, पुन्हा पुन्हा उलटी, फुगलेले पोट, घटणारे वजन यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

खाण्याचा हट्ट मोडायला मारझोड कामाची नाही. बळेच घास कोंबला तर मूल होता तो पदार्थही सोडते. तेच ताट, तीच जागा ठेवावी. त्याच्या आवडीच्या भाताशेजारी नव्या पदार्थाचा बोटाएवढा तुकडा ठेवावा. खाल्ला तर खाल्ला, नाही तर नुसता बघू द्यावा, हात लावू द्यावा. दहा-पंधरा दिवस, महिना लागला तरी चालेल. आपल्या भागात पिकलेले केळे स्वस्त मिळते, त्याच्यापासून सुरुवात करता येते. भाताला पातळ वरणाचा रंग लागला, मग वरण घट्ट झाले, असे एक एक पाऊल टाकावे.

गहू-दूध बंद करण्याबद्दल म्हणाल, तर स्वमग्नता त्याने कमी होते असे चांगल्या चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. ज्वारी-बाजरीत गव्हातले ते ग्लुटेन नसतेच, तेव्हा भाकरी खाणाऱ्या घराला डब्यातले महागडे पीठ आणायचे कारण नाही. मुळात चारच पदार्थ खाणाऱ्या मुलाचे त्यांतले दोन काढून घेतले, तर मूल कुपोषित होईल. गव्हाची किंवा दुधाची खरीच बाधा आहे असे डॉक्टरांनी तपासून सांगितले, तरच ते बंद करावे.

पैसा आणि वेळ कुठे लावावा?

ही मुले विरळा आहेत असेही नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा इथली २ ते ९ वर्षांची ३,९६४ मुले तपासली होती. स्वमग्नता शंभरात साधारण एका मुलात आढळली. एवढ्या मुलांना पुरतील इतके तज्ज्ञ मोठ्या शहरांतही नाहीत. मग आपण काय करावे?

याचे एक उत्तर गोव्यातच मिळाले. तिथल्या 'संगत' या संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या डॉक्टरांनी मिळून ६५ मुलांवर एक प्रयोग केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या पदव्या नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून मुलांच्या घरी पाठवले. आई मुलाशी खेळत असताना त्याचे थोडे चित्रण करायचे, मग दोघींनी ते पाहायचे. मूल कशाकडे बघते, केव्हा हात पुढे करते, हे आईला दाखवायचे. आपण कमी बोलायचे, थांबायचे, मुलाने पुढे केलेल्या गोष्टीला धरून उत्तर द्यायचे. काही महिन्यांत आई-बाप मुलाच्या कलाने वागू लागले आणि मुले आपणहून संवाद सुरू करू लागली. ती लगेच घडाघडा बोलू लागली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पण या कामाला पावडर लागली नाही. रोजचा थोडा वेळ लागला आणि दाखवणारे एक माणूस लागले.

तेव्हा पहिले काम म्हणजे मुलाचे कान तपासून घ्यावेत. कमी ऐकू येणारे मूलही हाकेला ओ देत नाही. दुसरे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर येतात. २०१३ साली सुरू झालेल्या या योजनेत स्वमग्नतेची तपासणी आहे. त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. लाजू नये. अंगणवाडीताईला किंवा आशाताईला तारीख विचारून ठेवावी. पुढच्या तपासणीसाठी जळगावकरांनी सिव्हिल गाठावे आणि धुळेकरांनी भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग व मानसोपचार विभागात दाखवावे.

तिसरे काम कागदाचे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते आले आणि अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. ४० प्रश्नांच्या भारतीय मोजपट्टीवर मुलाची तपासणी होते आणि प्रमाणपत्र मिळते. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक भरले तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. शेजारच्या शाळेत की खास शाळेत, ते पालकांनी ठरवायचे. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे, आणि त्यात वाचा-उपचारासारख्या थेरपीचाही खर्च धरला आहे.

आणि चौथे, मोठ्या थापांना बळी पडू नये. जंतूंच्या पावडरीचे गिऱ्हाईक झालेल्या घराला पुढे कोणी तरी मूळपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, इंजेक्शनांचा सल्ला देतो. त्यात लाखांनी पैसे जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात स्पष्ट सांगितले आहे की स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये आणि तो करणे हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा गुन्हा ठरेल. 'बरे करून देतो' म्हणणाऱ्याला एकच विचारावे: हे लेटरहेडवर लिहून, सही-शिक्क्यानिशी द्याल का? तिथेच उलगडा होतो.

आतड्यांच्या जंतूंवर संशोधन चालू राहील. उद्या त्यातून खरोखर औषध निघाले तर ते सरकारी दवाखान्यात यावे म्हणून आपण सगळे मिळून भांडू. तोवर मुलाचे पोट साफ, कान तपासलेले, लस दिलेली, कागद तयार, आणि घरात कोणीही कोणाच्या आईला बोल लावणारे नाही, एवढे आपल्या हातचे आहे.

प्रमाणपत्राचा आणि यूडीआयडी कार्डाचा अर्ज भरायला ज्यांना अडचण येते, त्यांनी कचेरी सुटल्यावर आमच्याकडे यावे. मुलाचे आधार कार्ड, एक फोटो, राहण्याचा पुरावा आणि दवाखान्याचे जे असतील ते सगळे कागद बरोबर आणावेत. आणि जमले तर मुलाच्या आजीलाही घेऊन यावे. तिच्याशी आम्हाला दोन शब्द बोलायचे आहेत.